गुरुजींच्या गाडीचा लाल दिवा

रश्मी रंगारीनं वर्तमानपत्राची पुडी टेबलावर ठेवली, उघडली आणि म्हणाली, "हे पाहा जी. माझ्या नवऱ्यानं काम केलं होतं. नुसतं तेल ओतून दिवा नव्हता विझवला."

पुडीत बिस्किटाएवढे चार काळपट तुकडे होते. एका बाजूनं लोखंड, दुसऱ्या बाजूनं झिजून कागदासारखा उरलेला थर.

रत्नमालाबाई मेश्राम यांनी चष्मा लावला. ठोकलेल्या, उलटलेल्या आणि जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची विमा कंपनीतली बावीस वर्षं गेली होती. आता भंडाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या लोकांचे गुंते सोडवत. दारावर पाटी नव्हती. पाटी लावली की लोक नवराबायकोची भांडणंच घेऊन येतात, असा त्यांचा अनुभव होता.

"हे काय होय?" सुखराम बांते खुर्चीतून वाकले. एसटीचे निवृत्त कंडक्टर. तीन वर्षांपूर्वी शेजारधर्मानं पेपर वाचायला आले होते, ते अजून वाचतच होते.

"ब्रेकपॅड, सुखरामभाऊ. चाकात लोखंडी चकती फिरते. ब्रेक दाबला की हे दोन बाजूंनी तिला चिमटा काढतात, मग गाडी थांबते."

"तीस वर्सं मी घंटी वाजवली का गाडी थांबे. मले वाटे घंटीनंच थांबते."

रश्मी हसली नाही. सुखरामभाऊंनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

हकिकत अशी होती. अड्याळचे निवृत्त हेडमास्तर गोमाजी पडोळे, म्हणजे साऱ्या गावाचे गुरुजी, पोळ्याच्या सकाळी बायकोला घेऊन लाखांदूरला लेकीकडे निघाले. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नात अपेक्षासाठी लाकडी बैल मागच्या सीटवर ठेवला होता. गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो, तिथं गाडी थांबली नाही. पाणी सोडायच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळली. गोदावरीबाईंचा हात मोडला. गुरुजींची छाती स्टिअरिंगवर आपटली; भंडाऱ्याला पोचण्याआधीच ते गेले.

त्याआधी गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागत होता. हे गावाला ठाऊक होतं, कारण गुरुजींनी ते गावाला सांगितलं होतं. पोळ्याच्या आठ दिवस आधी रश्मीच्या नवऱ्यानं, जीवननं, गॅरेजात गाडी दुरुस्त केली आणि दिवा विझला.

"आता गुरुजीचा पोरगा अनुपभाऊ म्हणते, जीवननं तेल ओतून दिवा विझवला, गळती पायलीच नाही. विमा कंपनीच्या साहेबानंही लिवलं, समोरच्या चाकाले पिवळं तेल लागून होतं, म्हणजे गळती. वरून जीवनच पहिले धावून गेला न. त्यानं बोनेट उघडलं."

"कायले उघडलं?" सुखरामभाऊ पेपरामागून.

"बॅटरीची तार काढाले जी! आग लागू नये म्हणून. तर लोक म्हणते, तिथंच तेल भरलं, चोरी लपवाले."

"पॅड बदलल्याची काही चिठ्ठी? पावती?"

"गुरुजीले कोणी पावती देते का?" रश्मीनं पदरानं पुडीची घडी दाबली. "सोमवारी कागद कोर्टात जाते. पण कोर्टाचं मले एवढं भ्या नाही, बाई. त्याले स्वतःलेच वाटून राहिलं आता, का आपल्याच हातानं गेले गुरुजी. पाना हातात धरत नाही. कालच म्हणाला, 'रश्मी, एखादा नट सैल राहिला असन तर?' कोर्टानं सोडलं तरी हा सुटाचा नाही. नेमकं काय झालं ते कोणी सांगतलं, तरच."

रत्नमालाबाईंनी पुडी बांधून तिच्या हातात दिली.

"नेमकं काय झालं ते कळलं, आणि त्यात जीवनचाच हात निघाला तर?"

रश्मीनं पुडी पिशवीत घातली. "तरी सांगा," ती म्हणाली.

*

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी होती. डाव्या अंगानं चेपलेली, उजव्या अंगानं अजून गुरुजींची वाटावी अशी नीटनेटकी. समोरच्या चाकापाशी एक तांबडं कुत्रं पसरलं होतं.

"हाड!" हवालदार ठवकरांनी काठी आपटली. "एकोणीस दिवस झाले, याले दुसरी जागाच सुचत नाही. चाकाले चाटत राह्यते."

"इमानदार होय," सुखरामभाऊ म्हणाले. "गाडी राखून राहिला."

रत्नमालाबाईंनी बोनेट वर केलं. उजव्या बाजूला ब्रेकच्या तेलाची पांढरी प्लॅस्टिकची डबी शाबूत होती. तेल वरच्या रेघेला टेकलेलं.

"हेच तर," हवालदार म्हणाले. "भरलेली हाये. म्हणजे त्यानं मागाहून भरली."

"आणि रिकामी असती तर?"

"तर गळली असती."

"म्हणजे डबी काहीही बोलली तरी जीवनच." बाईंनी बॅटरीची तार जोडली आणि किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले आणि विझले. हँडब्रेक ओढला, लाल दिवा पेटला. सोडला, विझला. "दिवा शहाणा आहे. सुखरामभाऊ, बसा आत. ब्रेकवर पाय ठेवा आणि दाबा जोरात."

"दाबला."

"किती खाली गेला?"

"जराकसा. मंग दगडच होय."

"मी शंभर मोजेपर्यंत सोडू नका."

त्या शांतपणे मोजू लागल्या. साठाच्या पुढे सुखरामभाऊंच्या कपाळावर घाम आला.

"शंभर. पेडल आणखी खाली सरकलं?"

"पाय सरकून राहिला बाई, पेडल नाही."

ते उतरले ते चाकाला धरूनच. हात चिकट झाला. त्यांनी पांढरा रुमाल काढून पुसला. रुमालावर पिवळा पट्टा उमटला.

"पाहा," हवालदार म्हणाले, "गळलेलं तेल."

रत्नमालाबाई चाकापाशी उकिडव्या बसल्या. रिमच्या भोकांतून आतली चकती दिसत होती, पिवळट आणि ओशट. बोट लावून त्यांनी वास घेतला. खवट होता, जुना. बाटलीतलं पाणी वर ओतलं, तर अळूच्या पानावरून निसटावेत तसे थेंब घरंगळले. रिमचा काळा रंग मात्र तकतकीत होता. जमिनीतून निघालेली मुंग्यांची एक रांग टायरवरून चढून थेट आत जात होती. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच. मागची दोन्ही कोरडी.

त्या उठल्या तेव्हा सुखरामभाऊंना वाटलं, बाईंचे गुडघे दुखत असावेत. चेहराच तसा झाला होता.

*

जीवन रंगारी गॅरेजात टायरवर बसला होता. शटर अर्धं खाली. पस्तिशीचा माणूस, पण बसणं पन्नाशीचं.

"दिवा लागला तेव्हा काय काय पाहिलं, सुरुवातीपासून सांगा."

जीवननं ते पाठ म्हणून दाखवल्यासारखं सांगितलं. रोज मनातल्या मनात म्हणत असावा. "आधी हँडब्रेक पायला, कधी अर्धा ओढून राह्यते. तो ठीक होता. मंग डबी पायली. तेल खालच्या रेघेखाली. मंग चारही चाकं उघडली, नळ्यांवर हात फिरवला. कुठंच ओल नाही. गळती नाही न तेल कमी, तर मंग ते गेलं कुठं? पॅड झिजले का चिमटा जास्त पुढं येते, तेल त्याच्यामागं जाऊन बसते. डबी आपोआप खाली होते. म्हणून नवे पॅड टाकले. चिमटा मागं सारला तशी डबी वर आली. वरून तेल टाकलं ते एवढं, चहाच्या कपाच्या बुडाशी राह्यते तेवढं."

"बरोबर केलंत."

"मंग गाडी थांबली काहून नाही, बाई?" तो पहिल्यांदाच वर पाहून बोलला.

बाईंची नजर फळीवरच्या बाटल्यांवर गेली. "तुमचं ब्रेकचं तेल दाखवा. आणि ग्लासभर पाणी."

त्यांनी पाण्यात तेलाचे दोन थेंब टाकले, काडीनं ढवळलं. थेंब नाहीसे झाले.

"हे पाण्यात मिसळते," जीवन म्हणाला. "ते इतर तेलासारखं नाही."

"आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर?"

"रंग खाऊन टाकते जी. दोन दिवसांत फोड येऊन सोलते. म्हणून आम्ही लगेच धुवून टाकतो."

"चाकं उघडली तेव्हा इथं कोण होतं?"

"गुरुजी. न त्यांच्या घरचा चिंधूमामा. गुरुजी असले का वर्ग भरतेच." जीवनच्या तोंडावर हसू आलं. "मी चकती दाखवली, तर मामाले म्हणाले, 'चिंधू, हा गाडीचा खांदा समज. जुवाचा भार बैलाच्या खांद्यावर, तसा थांबाचा सारा भार याच्यावर.' मले म्हणाले, 'जीवन, तुले सातवीत एवढं समजलं असतं तर!'"

हसू जसं आलं तसं गेलं. रश्मीनं दारातून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

*

पडोळ्यांच्या अंगणात अनुप उभा होता. नागपुरात नोकरी, चाळिशी, न कापलेली दाढी.

"तुम्ही जीवनच्या बाजूनं आल्या आहात."

"मी गाडीच्या बाजूनं आले आहे."

"मग ऐका. बाबांनी मला फोन केला होता, दिवा लागतो म्हणून. हे गावठी मेकॅनिक—"

"तू काय सांगतलं होतं ते सांग न," घरातून गोदावरीबाईंचा आवाज आला. हात गळ्यात, आवाज थकलेला. "तू म्हणाला, 'तेल टाका बाबा, विझते.' ते म्हणाले, 'नाही, जीवनले दाखवतो.'"

अनुप वळला. विहिरीकडे निघून गेला.

रत्नमालाबाई गोदावरीबाईंजवळ बसल्या. "त्या सकाळी गुरुजींनी ब्रेक दाबला, तेव्हा पाय भसकन खाली गेला?"

"खाली? उभेच राह्यले जी ते ब्रेकवर. सीटवरून उठले. म्हणाले, 'गोदा, हे ऐकून नाही राहिलं.' ते काय शेवटचं बोलणं झालं?"

"लाल दिवा लागला होता?"

"नाही. घरून निघतानाच म्हणाले, 'पाहा, जीवननं तिचा डोळा बरा केला.'"

"हँडब्रेक ओढला?"

गोदावरीबाई पदराच्या काठाशी चाळा करू लागल्या. "तो ओढला का तोच दिवा लागे. मले भ्या वाटे. म्हणून त्यांनी त्याले हात लावणंच सोडलं होतं. घरी चाकाखाली वीट ठेवत. माझ्यासाठी."

त्यांनी पाहुण्यांना जेवायला बसवलं. गरम भात, वरण. "तूप नाही जी घरात. पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडगं रिकामं झालं, मंग कढवलंच नाही."

जेवण झाल्यावर रत्नमालाबाई गोठ्याकडे गेल्या. दोन खुंटे होते, बैल नव्हते. कोपऱ्यात पळसाची पानं सुकून पडली होती. शेजारी गाडी उभी राहायची ती जागा एक म्हातारा झाडत होता. गाडीच्या मापाचा तेवढाच चौकोन, शेणानं सारवलेला.

"चिंधूमामा?"

"हो जी." सत्तरीचा, वाळलेला माणूस. चाळीस वर्षं याच घरचा गडी. "गाडी परत येईन का जी?"

"सांगता येत नाही. बैल कधी विकले?"

"चार वर्सं झाली. बांड्या न लाख्या. मी दोन दिवस जेवलो नाही, तर मालक म्हणाले, 'चिंधू, आता हेच आपलं जनावर.' मंग मी तिलेच पाहो. मालकाले चालवता येते, पुसता नाही येत." तो केरसुणी टेकवून उभा राहिला. "लाल डोळा झाला होता तिचा, तर मले घास गेला नाही. जीवन चांगला पोरगा होय जी. त्याले काहून धरून राहिले?"

रत्नमालाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "येते मामा," आणि जरा घाईनंच निघाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखरामभाऊ ओला रुमाल झेंड्यासारखा धरून आले.

"बाई! रक्त!"

"कोणाचं?"

"गाडीचं! काल पिवळं होतं. साबण लावला न लालभडक झालं. माह्या बायकोनं माह्यावरच संशय घेतला."

रत्नमालाबाईंनी रुमाल घेतला. उजेडात धरला. खूप वेळ धरला.

"रक्त नव्हे ते."

"मंग काय होय? समजलं न तुम्हाले? जीवन सुटते न?"

"सुटतो."

"मंग तोंड असं काहून?"

त्यांनी रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. "माझा बा सालदार होता, सुखरामभाऊ. दुसऱ्याचे बैल सांभाळायचा. आज त्याची फार आठवण येते आहे. ठवकर हवालदारांना फोन करा. उद्या दुपारी पडोळ्यांच्या अंगणात या म्हणावं, कागद घेऊन."

*

रविवारी दुपारी अंगणात सगळे जमले. हवालदार ठवकर खाटेवर, कागद मांडीवर. अनुप खांबाला टेकून. गोदावरीबाई दारात. जीवन आणि रश्मी फाटकापाशी, आत यायला न धजणारी. चिंधूमामा गोठ्याच्या उंबऱ्यावर.

"मी गाडीनं सांगितलं तेच सांगते," रत्नमालाबाईंनी सुरुवात केली. "ब्रेकचं तेल गळून गाडी थांबली नसती, तर पाय दाबताच पेडल खाली बसलं असतं. गोदावरीबाई म्हणतात, गुरुजी ब्रेकवर उभे राहिले. खाली जाणाऱ्या पेडलवर उभं राहता येत नाही. ठाण्यात सुखरामभाऊंनी शंभर मोजेपर्यंत दाबून धरलं, ते हललं नाही. नळ्या ठीक, तेल ठीक."

"तेल त्यानं मागाहून भरलं असेल," अनुप म्हणाला.

"गळक्या भांड्यात मागाहून भरलं तर एकोणीस दिवस राहतं का, अनुपभाऊ? ते अजून वरच्या रेघेला आहे. दिवाही त्या सकाळी लागला नव्हता, आणि तो दिवा खोटं बोलत नाही, मी पाहिलंय. तेल आधी कमी झालं होतं ते गळून नव्हे, पॅड झिजून. जुने पॅड रश्मीजवळ आहेत, नवे गाडीत आहेत. जीवननं दिवा विझवला नाही. दिवा ज्यासाठी लागला होता ते दुखणं काढलं."

फाटकापाशी जीवननं गज धरला.

"मंग चाकावरचं पिवळं?" हवालदार.

"ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. हे पाण्याला जवळ येऊ देत नाही. ब्रेकचं तेल रंग सोलतं; चाकाचा रंग एकोणीस दिवसांनी तकतकीत आहे. ब्रेकचं तेल कुत्रं रोज चाटेल? मुंग्या रांग लावतील? आणि ते पिवळं साबण लागताच लाल झालं. बायामाणसांनो, साबणानं लाल होणारा पिवळा डाग तुमच्याही लुगड्यांवर पडलेला आहे."

"हळद," रश्मी आणि गोदावरीबाई एकदमच म्हणाल्या.

"हळद. आणि तूप. फक्त समोरच्या दोन चाकांना, जिथं चकत्या आहेत. पॅड कितीही नवे असोत, तुपाच्या चकतीवर चिमटा बसत नाही. मागचे ब्रेक थोडेफार लागले असतील, पण उतारावर ते पुरले नाहीत. अंगणापासून तलावापर्यंत रस्ता सपाट आहे, गुरुजी हळू चालवत. पहिला खरा ब्रेक त्यांनी पाळीच्या उतारावरच दाबला."

"तूप कोणी लावलं?" अनुप खांबापासून सुटला. "कोणी केलं हे?"

इथपर्यंत रत्नमालाबाई भराभर बोलत होत्या. बावीस वर्षांची सवय, पायरीमागून पायरी. आता त्या थांबल्या. हा प्रश्न काल एकटीनं येऊन, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून, हळू आवाजात विचारता आला असता. पण मग तो जबाब झाला नसता, आणि कागद उद्या कोर्टात जाणार होता.

"चिंधूमामा," त्या म्हणाल्या, "पोळ्याच्या आदल्या दिवशी या घरी खांदशेकणी झाली का?"

"झाली न जी!" चिंधूमामा ताठ झाला. इतक्या माणसांत त्याला कोणी काही विचारत नसे. "चार वर्सं झाली नव्हती. औंदा म्या केली. बाईकून गाडगं मागून घेतलं. तूप कोमट केलं, हळद कालवली. बैलाचा खांदा जुवानं सोलते, म्हणून आपण त्याले शेकतो. तसा तिचा खांदा मालकानं मले दाखवला होता, जीवनच्या दुकानात. मंग वीट काढून तिले जराजरा पुढं ढकललं, न पळसाच्या पानानं भोकातून चांगलं सारवलं, गोल फिरवून. दोन्ही खांदे. न कानात म्हणालो, 'आज आवतन घे, उद्या जेवाले ये.'"

चिंधूमामानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हवालदारांकडे, अनुपकडे, मग गोदावरीबाईंकडे. रत्नमालाबाईंनी आत्ता सांगितलेलं त्याच्यापर्यंत आत्ता पोचत होतं, त्यालाही एकामागून एक पायऱ्या उतराव्या लागत होत्या. शेवटच्या पायरीवर त्याचं तोंड उघडं राहिलं.

"तिले दुखत होतं जी," तो म्हणाला. "मले वाटलं तिले दुखत असन."

अनुप दोन पावलं त्याच्याकडे गेला. मुठी वळलेल्या. मग तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. या माणसाच्या खांद्यावर बसून तो शाळेत गेला होता.

हवालदारांनी घसा साफ केला. "लिहावं तर लागते जी. मरणास कारण कोण, असा रकाना हाये." पेन कागदावर टेकलं.

"लिवा," चिंधूमामा म्हणाला. "चिंधू गोविंदा. म्या."

"तूप म्या कढवून देल्लं," गोदावरीबाई दारातून म्हणाल्या. "कायले पायजे ते इचारलंही नाही. माहं नाव लिवा."

"मामाच्या समोर चाक उघडं ठेवून मी दाखवलं," जीवन फाटकातून आत आला. "याले तेलाचा थेंब लागता कामा नये, एवढं सांगाचं राहून गेलं. हरेक गिऱ्हाइकाले सांगतो. त्या दिवशी गुरुजी बोलत होते, म्हणून ऐकतच राह्यलो."

हवालदारांनी पेन उचललं आणि रत्नमालाबाईंकडे पाहिलं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "चकतीला तूप-हळद लागल्यामुळे ब्रेक लागला नाही. पोळ्याच्या रीतीनं, गाडीचं भलं व्हावं म्हणून लावलेली. गळती नव्हती. मेकॅनिकच्या कामात दोष नव्हता. हे शेवटचं वाक्य ठळक लिहा. कोण आणि किती, ते कोर्टाला ठरवू दे. मी तिथं येऊन बोलेन."

ते वाक्य हवालदारांनी मोठ्यानं वाचत लिहिलं. रश्मीनं डोळे मिटून घेतले. तिला हवं होतं ते हेच वाक्य होतं, पण आनंद कुठं ठेवावा ते तिला समजेना. ती रत्नमालाबाईंजवळ आली आणि त्यांचा हात धरला.

"मी काल यायला हवं होतं," रत्नमालाबाई पुटपुटल्या. "एकटीनं."

"चला न घरी," रश्मी नवऱ्याला म्हणाली.

पण चिंधूमामानं उंबऱ्यावरूनच जीवनला हाक मारली होती.

"बापू, तुह्यावरचं गेलं न आता? दुकान उघड. लोकांच्या गाड्या पडून असतीन. तुह्या हातात काही खोट नाही, एवढ्या जणात सांगतलं बाईनं."

जीवननं मान हलवली. त्याच्या डोक्यावरून उतरलेलं ओझं कुठं जाऊन बसलं होतं, ते त्याला समोर दिसत होतं. आणि ते केवढं असतं हे त्या अंगणात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"उघडतो मामा," तो म्हणाला. "सकाळी आठले. तुम्ही या माह्यासंगं. एकट्यानं बसलं न, का मंग डोकं तेच तेच म्हणते. मले माहीत हाये."

चिंधूमामानं दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे पाहत होता. जीवन त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसला, आणि ऊन गोठ्यात येईपर्यंत उठला नाही.